काळा आजार आणि शेजारधर्म
भारत, नेपाळ व बांगलादेश यांच्या संयुक्त रोगनियंत्रणाची दोन दशके

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. गंगातीरी पांचाल देशातील काम्पिल्य येथे भगवान पुनर्वसु आत्रेयांनी अग्निवेशास जो विषय समजावून सांगितला, त्याचा गाभा असा की, माणसांची प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय ही भिन्न असली तरी वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांना समान असतात. ते बिघडले की एकाच वेळी एकाच व्याधीने सारा जनपद ग्रासला जातो. येथे 'देश' या शब्दाचा अर्थ भूमी असा आहे. राज्यकर्त्यांनी आखलेल्या सीमारेषांचा त्याच्याशी संबंध नाही. एकच भूमी, एकच हवामान आणि एकाच तऱ्हेची घरे जेव्हा तीन राष्ट्रांत विभागली जातात, तेव्हा व्याधी मात्र अविभक्त राहते. गंगेच्या खोऱ्यातील काळा आजार हे या सत्याचे ठळक उदाहरण होय.

या व्याधीच्या नियंत्रणासाठी भारत, नेपाळ व बांगलादेश यांनी २००५ साली एकत्र येऊन जो उपक्रम हाती घेतला, त्याचा वृत्तान्त वैद्यांनी व औषध-विक्रेत्यांनी जाणून घ्यावा असा आहे. त्यात यश आहे, चुका आहेत आणि आपल्या दवाखान्यापर्यंत पोहोचणारी जबाबदारीही आहे.

व्याधीचा परिचय

काळा आजार हा 'लिश्मानिया डोनोव्हानी' नामक परोपजीवी सूक्ष्मजीवामुळे होतो. दीर्घकाळ टिकणारा ज्वर, प्लीहावृद्धी, यकृद्वृद्धी, पांडुता, कृशता आणि त्वचेचा काळवंडलेला वर्ण ही त्याची लक्षणे. उपचार न झाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. ग्रंथोक्त विषमज्वर व प्लीहोदर यांच्याशी त्याचे लक्षणसाम्य आहे, परंतु केवळ साम्यावरून दोहोंचे ऐक्य मानणे योग्य नव्हे. हिवताप, आंत्रज्वर, क्षय आणि रक्ताचे कर्करोग यांतही ज्वर व प्लीहावृद्धी आढळतेच.

रोगाचा प्रसार सँडफ्लाय म्हणजेच वालुमक्षिका करते. महाराष्ट्रातील वाचकांना ही माशी अपरिचित नाही. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावाच्या नावाने १९६५ पासून ओळखला जाणारा विषाणू वालुमक्षिकांमार्फतच पसरतो. काळ्या आजाराचा प्रसार करणारी 'फ्लेबोटोमस अर्जेन्टिपेस' ही जाती ओलसर, शेणामातीने समृद्ध भूमीत वाढते, मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांत दिवसा लपते आणि रात्री चावते. ती डासापेक्षा पुष्कळ लहान असून दूरवर उडू शकत नाही. म्हणूनच हा रोग गावातील विशिष्ट वस्तीत, किंबहुना विशिष्ट घरांत, घर करून राहतो. भारतीय उपखंडात या जंतूचा ज्ञात साठा मनुष्यातच आहे. काही अन्य प्रदेशांत कुत्रे व वन्य प्राणी लिश्मानियाचे आश्रयस्थान असतात, तशी स्थिती येथे नाही. दूरीकरणाची आशा निर्माण झाली ती मुख्यतः याच वैशिष्ट्यामुळे.

या व्याधीच्या संशोधनाचा मोठा भाग याच भूमीत घडला. विल्यम लिश्मन व मद्रास येथील चार्ल्स डोनोव्हान यांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे या जंतूची नोंद प्रसिद्ध केली आणि रोनाल्ड रॉस यांनी त्यास दोघांचीही नावे दिली. कलकत्त्याचे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे संयुग सिद्ध करून असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. काळा आजार बरा झाल्यानंतर त्वचेवर उमटणाऱ्या विकाराचे वर्णनही त्यांनीच १९२२ मध्ये केले. वालुमक्षिकेच्या दंशाने रोग संक्रमित होतो, हे स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी १९४२ मध्ये स्वयंसेवकांवरील प्रयोगाने सिद्ध केले.

गेला म्हणता म्हणता परतलेला रोग

१९५० च्या दशकात हिवताप-नियंत्रणासाठी घरोघरी डीडीटीची फवारणी झाली. तिचा रोख डासांवर होता, परंतु भिंतींवर बसणाऱ्या वालुमक्षिकाही तिला बळी पडल्या आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. पुढे हिवताप घटला म्हणून फवारणी थांबली. भिंतीतील भेगा तशाच होत्या, गोठे तसेच होते आणि काही रुग्णांच्या शरीरात जंतूही शिल्लक होते. १९७० च्या दशकात उत्तर बिहारात रोगाने पुन्हा उसळी घेतली. १९९२ साली भारतात ७७,१०२ रुग्ण व १,४१९ मृत्यू यांची अधिकृत नोंद झाली. मुजफ्फरपूर, वैशाली, समस्तीपूर, सीतामढी या जिल्ह्यांतील अत्यंत दरिद्री वस्त्यांना त्याचा सर्वाधिक फटका बसला.

याच काळात उपचाराचा मुख्य आधारही डळमळला. बिहारात अँटिमनीची मात्रा व कालावधी वाढवूनही औषध निष्फळ ठरू लागले. अपुरी मात्रा, अर्धवट सोडलेले उपचार आणि अप्रशिक्षित व्यक्तींकडून मनमानी वापर ही त्यामागील प्रमुख कारणे मानली जातात. जंतूचा साठा माणसातच असल्याने निवडून टिकलेले प्रतिरोधी जंतू पुन्हा माणसातच पसरत गेले.

सीमा खुली, नोंदी बंद

भारत-नेपाळ सीमा सुमारे १,७५० किलोमीटर लांब असून दोन्ही देशांच्या नागरिकांना खुली आहे. बिहारातील सीतामढी, मधुबनी, सुपौल व अररिया हे जिल्हे आणि पलीकडील सर्लाही, महोत्तरी, धनुषा, सिराहा, सप्तरी, सुनसरी व मोरंग हे जिल्हे भाषेने, विवाहसंबंधांनी आणि शेतमजुरीने परस्परांत गुंतलेले आहेत. रुग्णही तसेच ये-जा करतात. नेपाळमधील धरान येथील बी. पी. कोइराला आरोग्य विज्ञान प्रतिष्ठानात बिहारातील रुग्ण उपचार घेतात, तर तराईतील रुग्ण बिहारच्या दवाखान्यांत दाखल होतात.

यातून निर्माण होणारी अडचण वरकरणी किरकोळ, पण परिणामी गंभीर आहे. रुग्ण एका देशात नोंदविला जातो आणि त्याचे घर दुसऱ्या देशात असते. फवारणी व्हावयास हवी ती त्याच्या घरात व शेजारच्या घरांत. उपचार करणाऱ्या रुग्णालयाने पलीकडील आरोग्य-यंत्रणेस कळविले नाही, तर रुग्ण बरा होतो आणि रोगाचे ठाणे मात्र अबाधित राहते. एका बाजूस फवारणी ज्या महिन्यात होते त्याच महिन्यात दुसऱ्या बाजूस झाली नाही, तर तीही बरीचशी वाया जाते. एकाच देशाने कितीही निष्ठेने काम केले तरी हा रोग सीमेवर तग धरून राहतो, हे यावरून ध्यानात यावे.

२००५ चा सामंजस्य करार

१८ मे २००५ रोजी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य परिषदेच्या निमित्ताने भारत, नेपाळ व बांगलादेश यांच्या आरोग्यमंत्र्यांनी सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या केल्या. उद्दिष्ट असे ठरले की, २०१५ पर्यंत वार्षिक रुग्णसंख्या दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी करावयाची. हे प्रमाण मोजण्याचे परिमाण भारतात तालुक्यासारखा 'ब्लॉक', बांगलादेशात 'उपजिला' आणि नेपाळमध्ये 'जिल्हा' असे निश्चित झाले.

येथे 'दूरीकरण' व 'निर्मूलन' यांतील भेद ध्यानी घ्यावा. देवी रोगाचे निर्मूलन झाले, म्हणजे तो जगातून नाहीसा झाला. काळ्या आजाराच्या बाबतीत सार्वजनिक आरोग्य-समस्या म्हणून दूरीकरण अभिप्रेत आहे. दोन लक्ष लोकसंख्येच्या ब्लॉकमध्ये वर्षाला वीसपेक्षा कमी रुग्ण असले तर उद्दिष्ट साध्य झाले, असे हा निकष सांगतो. सहा लक्ष वस्तीच्या जिल्ह्यास हीच मर्यादा साठ रुग्णांपर्यंत जाते आणि ते साठही दोन-तीन गावांतच एकवटलेले असू शकतात. सरासरीचा आकडा समाधानकारक असूनही एखादे गाव होरपळत असू शकते, हे या मोजमापाचे मूळचे वैगुण्य आहे.

कार्यनीतीचे पाच आधार ठरले : लवकर निदान व पूर्ण उपचार, एकात्मिक कीटक-नियंत्रण, प्रभावी सर्वेक्षण, लोकसहभाग आणि क्षेत्रीय संशोधन. निदानासाठी बोटातील थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होणारी 'आरके-३९' ही पट्टी-चाचणी आणि उपचारासाठी मुखावाटे देता येणारे मिल्टेफोसिन यांची निवड झाली. प्लीहेत सुई घालून नमुना घेण्याची जोखमीची पद्धत गावपातळीवर अशक्य होती. चाचणी व कॅप्सूल यांमुळे निदान आणि उपचार प्रथमच प्राथमिक आरोग्य केंद्रात आले.

एकत्र शिकण्याचा लाभ

तीन देशांनी एकच निकष, एकच चाचणी आणि बहुतांशी एकच औषधयोजना स्वीकारल्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्यास उपयोगी पडू लागला. त्याची काही उदाहरणे उद्बोधक आहेत.

कीटकनाशक-भारित मच्छरदाण्यांनी हा रोग आटोक्यात येईल, अशी अनेकांची अपेक्षा होती. भारत व नेपाळ येथील गावांत या कल्पनेची मोठी तौलनिक चाचणी घेण्यात आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा मच्छरदाण्यांच्या वाटपाने संसर्गाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. अपेक्षाभंगाचा हा निष्कर्षही मोलाचा ठरला, कारण केवळ मच्छरदाण्यांवर विसंबणे चुकीचे होईल, हे दोन्ही देशांना एकाच वेळी कळले.

औषधाच्या क्षेत्रातही असेच घडले. मिल्टेफोसिन २००२ साली भारतात मान्यता पावले आणि आरंभीच्या अभ्यासात त्याने सुमारे ९४ टक्के रुग्ण बरे झाले. परंतु २८ दिवसांचा काळ, पोटाचे उपद्रव आणि बरे वाटताच औषध सोडण्याची प्रवृत्ती यांमुळे कालांतराने रोग उलटण्याचे प्रमाण वाढले. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. श्याम सुंदर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी हे औषध शरीराच्या प्रतिकिलो वजनास १० मिलिग्रॅम या मानाने एकदाच शिरेतून दिले असता सुमारे ९५ टक्के रुग्ण रोगमुक्त होतात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत या महागड्या औषधाचा विनामूल्य पुरवठा सुरू झाला. महिनाभराचा उपचार एका दिवसावर आला आणि उपचार अर्धवट सुटण्याचा प्रश्नच मिटला.

कीटक-नियंत्रणात भारत दीर्घकाळ डीडीटीवर अवलंबून राहिला. वालुमक्षिका त्यास दाद देईनाशा झाल्याचे सिद्ध झाल्यावर २०१५ नंतर कृत्रिम पायरेथ्रॉइड व हातपंप यांचा टप्प्याटप्प्याने स्वीकार झाला. बांगलादेशाने पायरेथ्रॉइडचा मार्ग त्यापूर्वीच धरला होता.

एक कटू अनुभव : कॅप्सूलमधील पोकळी

औषध-विक्रेत्यांनी विशेष लक्ष द्यावे असा एक प्रसंग बांगलादेशात घडला. तेथे कार्यक्रमासाठी मिल्टेफोसिन म्हणून मिळविलेल्या देशी बनावटीच्या कॅप्सूलांचा गुण येईना. प्रयोगशाळेत तपासणी केली असता त्यांत मिल्टेफोसिन नसल्याचे उघड झाले. अशा प्रसंगी औषध निष्फळ ठरले असे वैद्य म्हणतो, जंतू प्रतिरोधी झाला असे संशोधक म्हणतो आणि वस्तुतः दोघांच्याही हाती औषध नसतेच. शेजारी राष्ट्रांत औषधाच्या गुणवत्तेची माहिती तत्काळ पोहोचणे किती निकडीचे आहे, हे यावरून दिसते.

भारतातही मिल्टेफोसिन आरंभी खुल्या बाजारात मिळत असे. गरीब रुग्ण आठ-दहा दिवसांच्या कॅप्सूल घेऊन थांबत. हे औषध शरीरात दीर्घकाळ अल्प प्रमाणात रेंगाळते आणि प्रतिरोधास नेमकी तीच स्थिती अनुकूल असते. शिवाय गर्भावर त्याचा घातक परिणाम संभवतो. म्हणून गर्भवतीस ते निषिद्ध आहे आणि प्रजननक्षम स्त्रीने औषध चालू असताना व संपल्यावरही काही महिने गर्भनिरोध पाळणे आवश्यक असते. अशा औषधाची चिठ्ठीवाचून विक्री हा केवळ नियमभंग नव्हे. ती शेजाऱ्याच्या घरात विस्तव टाकण्यासारखी गोष्ट आहे.

फलश्रुती

२०१५ ची मुदत हुकली. मुदत संपण्यापूर्वीच, सप्टेंबर २०१४ मध्ये, ढाका येथे नवा करार झाला आणि तुरळक रुग्ण आढळणारे भूतान व थायलंड हे देशही त्यात सामील झाले.

सर्वांत प्रथम यश लाभले बांगलादेशास. तेथे २००६ साली नऊ हजारांहून अधिक रुग्ण नोंदविले गेले होते आणि मैमनसिंह जिल्हा हे रोगाचे केंद्र होते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने बांगलादेशात काळ्या आजाराचे दूरीकरण झाल्याचे प्रमाणित केले. असे प्रमाणपत्र मिळविणारा तो जगातील पहिला देश ठरला.

भारतात २००७ साली ४४,५३३ रुग्ण होते, २०११ मध्ये ३३,१८७ आणि २०२० मध्ये सुमारे दोन हजार. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश व पश्चिम बंगाल या चार राज्यांतील ६३३ ब्लॉकमध्ये हा रोग स्थायिक होता. २०२३ अखेर हे सर्व ब्लॉक उद्दिष्टाच्या आत आले आणि देशातील वार्षिक रुग्णसंख्या एक हजाराखाली उतरली. प्रमाणपत्रासाठी मात्र ही स्थिती सलग तीन वर्षे टिकवावी लागते. आशा कार्यकर्तींनी घरोघरी घेतलेला शोध आणि बुडणाऱ्या मजुरीची भरपाई म्हणून रुग्णास दिलेले साहाय्य यांचा या यशात मोठा वाटा आहे. बिहारात केंद्र व राज्य मिळून ही रक्कम ७,१०० रुपये होती. हातावर पोट असणाऱ्या मजुरास रुग्णालयात येणे परवडावे, हाही उपचाराचाच भाग होय.

नेपाळचा अनुभव वेगळा आहे. कराराच्या वेळी तेथे पूर्व तराईतील १२ जिल्हे रोगग्रस्त मानले गेले होते. त्यांतील रुग्णसंख्या उद्दिष्टाखाली आली खरी, पण पुढे डोंगराळ भागातील नवनव्या जिल्ह्यांतून स्थानिक रुग्ण सापडू लागले. जेथे रोग नाही असे समजून चाचणीच होत नव्हती, तेथे तो निदानाविना वावरत होता.

आपला संबंध कोठे येतो?

महाराष्ट्र हा या रोगाचा स्थायी प्रदेश नाही. तथापि मुंबई, पुणे, नाशिक येथील बांधकामे, कारखाने व उपाहारगृहे यांत उत्तर बिहार व नेपाळ तराईतील सहस्रावधी माणसे राबत आहेत. त्यांना ज्वर आला की पहिला दरवाजा बहुधा वस्तीतील दवाखान्याचा अथवा औषधाच्या दुकानाचा असतो. रोग दुर्मीळ होत जातो तशी चिकित्सकांच्या मनातील त्याची शंकाही दुर्मीळ होते, आणि निदानास विलंब होतो. यास्तव पुढील गोष्टी ध्यानात असाव्यात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ ज्वर, त्यासोबत प्लीहावृद्धी आणि रोगग्रस्त प्रदेशातील वास्तव्य असा त्रिवेणी संगम दिसताच 'आरके-३९' चाचणीची व्यवस्था असलेल्या शासकीय रुग्णालयात रुग्णास पाठवावे आणि जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना कळवावे. ही चाचणी रोग बरा झाल्यावरही दीर्घकाळ सकारात्मक राहू शकते, म्हणून पूर्वी उपचार झालेल्या रुग्णात केवळ तिच्यावरून रोग उलटल्याचे ठरवू नये. रुग्णास क्षय अथवा एचआयव्ही यांची जोड आहे काय, हेही पाहिले जावे.

याहून सूक्ष्म प्रश्न त्वचेचा आहे. काळा आजार बरा झालेल्या भारतीय रुग्णांपैकी सुमारे पाच ते दहा टक्के रुग्णांना काही महिन्यांनी वा वर्षांनी तोंडावर, दंडावर व धडावर फिकट ठिपके अथवा गाठी उद्भवतात. ज्वर नसतो, वेदना नसते, कामात खंड पडत नाही. असा रुग्ण शासकीय रुग्णालयात क्वचितच जातो. तो श्वित्र समजून वैद्याकडे येतो. या ठिपक्यांत जंतू जिवंत असतात आणि अशा रुग्णास चावलेल्या वालुमक्षिका संसर्गित होतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. १९७० च्या दशकातील पुनरुद्भवात अशा रुग्णांचा हात असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

म्हणून बिहार, झारखंड, तराई अथवा बांगलादेश येथून आलेल्या रुग्णाच्या फिकट डागांवर बाकुचीचा विचार करण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : डागावर संवेदना आहे काय, आणि पूर्वी काळा आजार झाला होता काय? पहिल्याने कुष्ठरोगाची दिशा कळते, दुसऱ्याने या विकाराची. त्याच्या उपचारासाठी मिल्टेफोसिन १२ आठवड्यांपर्यंत दिले जाते. त्या काळात डोळे लाल होणे, दुखणे वा दृष्टी अंधुक होणे अशी तक्रार आल्यास औषध थांबवून रुग्णास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे.

काळ्या आजाराच्या जंतूवर आपल्या ग्रंथोक्त कल्पांचा निर्णायक परिणाम सिद्ध झालेला नाही. अशा रुग्णास प्लीहोदराची चिकित्सा देत महिनाभर थोपवून धरणे म्हणजे त्याचे प्राण पणास लावणे होय. मात्र रोगमुक्तीनंतरचे अग्निदीपन, पांडुता व कार्श्य यांची चिकित्सा, पथ्याची आखणी आणि रुग्णाच्या मनातील भीतीचे निवारण हे क्षेत्र आपले आहे आणि ते विस्तीर्ण आहे.

तीन राष्ट्रांचे परस्परसंबंध या वीस वर्षांत सदैव सलोख्याचे होते असे नाही. तरीही हा उपक्रम टिकला, कारण त्यातील हिताचा हिशेब सरळ होता : शेजाऱ्याचा रुग्ण बरा झाल्याखेरीज आपले गाव सुरक्षित नाही. आता रुग्ण थोडे उरले आहेत आणि निधी व लक्ष अन्यत्र वळण्याचा धोकाही नेमका याच टप्प्यावर आहे. डीडीटीच्या फवारणीनंतर जे घडले ते पुन्हा घडू द्यावयाचे नसेल, तर उरलेला प्रत्येक रुग्ण सापडला पाहिजे. तो उद्या आपल्यासमोर बसलेला असू शकतो. ज्वर किती दिवसांचा, हे आपण त्यास विचारतोच. गाव कोणते, हेही विचारावे.